भिकाजीकाकांचा बत्तीस इंची पडदा

डिचोलीच्या बाजारात कुणालाही विचारा, गौरवीचं कॉम्प्युटरचं दुकान कुठलं म्हणून. हात करून दाखवतील आणि वर सांगतील, "जा, पण आधी वस्तू घेऊन मग विचारायला जाऊ नका. ती बाई सोलून काढते." खोटं नाही ते. मयेच्या पॉलिटेक्निकातून बाहेर पडले त्याला चौदा वर्षं झाली, आणि चौदा वर्षांत माझा पारा काही खाली आलेला नाही. लोक मोबाईलवर बोट दाबून भारीतली भारी वस्तू मागवतात, ती घरच्या मशीनला झेपली नाही की माझ्या काउंटरवर आणून आदळतात आणि विचारतात, आता काय करायचं? अरे, आधी विचारलं असतंत तर सांगितलं नसतं का?

भिकाजीकाका आले तेव्हाही मी हेच सगळं बोलले. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

दिवाळी होऊन पाच-सहा दिवस झाले होते. बुधवार होता, दुपारचे पाऊण वाजले होते, आणि एक वाजता दुकान बंद करून घरी जाऊन जेवून झोपायचं एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. पुढे एक उंच, काटकुळा माणूस, हॉटेलच्या वॉचमनचा निळा शर्ट घातलेला. मागे एक बाई असावी, पण दिसत नव्हती, कारण तिने पोटाशी दाराएवढा खोका धरला होता आणि त्याच्या वरून फक्त तिचा अंबाडा दिसत होता. मुळगावहून अशा अवतारात दोघं आली होती. वाटेत पोलिसाने अडवलं कसं नाही, देव जाणे.

माणूस मला तोंडओळखीचा होता. भिकाजीकाका मूळचे दोडामार्गाकडचे. विशीत खाणीवर आले आणि डिचोलीचेच झाले. खाणी चालू होत्या तेव्हा मालकाचा ट्रक घेऊन आमच्या घरासमोरून दिवसात आठ-आठ फेऱ्या मारायचे. खरं सांगते, आम्ही शाळेतल्या पोरींनी त्या ट्रकांना शिव्याच घातल्या. पांढरा युनिफॉर्म घरी जाईपर्यंत तांबडा व्हायचा. पण भिकाजीकाका शाळेसमोर गाडी हळू करायचे, हे मात्र आठवतं. ते तेवढे एकटेच करायचे. मग खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, अठरा साली परत बंद पडल्या, आणि काका मोरजीच्या एका हॉटेलच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले.

खोका काउंटरवर ठेवून ते म्हणाले, "बाय, ह्यो पडदो तू घे. कोणाक तरी वीक. माका नको."

मी खोका वाचला. बत्तीस इंची, फोर-के, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवणारा गेमिंग मॉनिटर. असला मॉनिटर डिचोलीत फारतर दोघा-तिघांकडे असेल, आणि त्यांच्यात वॉचमन कोणी नसावा.

"कुठल्या कॉम्प्युटरला लावलात हा?"

"भाच्याच्या. धारगळचो प्रज्योत. तेका पुण्याक नोकरी लागली, तेणा आपलो कॉम्प्युटर माका दिल्यान. स्टेअरिंगय दिल्यान. पडदो तेवढो टेम्पोत फुटलो, म्हणान ह्यो नवो मागवलंय."

"आत ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे?"

"ता काय आसता?"

झालं. माझा पारा चढायला तेवढं पुरलं.

"घेतला कधी?"

"गणपतीची चवथ झाल्यावर."

"आणि उघडला कधी?"

"दसऱ्याक."

"काका, असल्या वस्तू सात दिवसांत परत देता येतात. तुम्ही महिनाभर खोका न उघडता ठेवलात?"

"म्हाळ लागलो होतो," ते शांतपणे म्हणाले. पितृपक्ष म्हणायचा होता त्यांना. "म्हाळात नवी वस्तू कशी उघडतलंय? आणि म्हाळ सरलो तर दसरो दहा दिवसांवर. मग म्हटलंय, आयतनांच्या पूजेकच उघडूया."

आता मला खोक्यावरचं कुंकू दिसलं. पाच बोटं ओढलेली, मध्ये गंध, एका कोपऱ्यात अक्षता चिकटलेल्या. आमच्याकडे दसऱ्याला ज्याचं त्याचं आयतन पूजतात, म्हणजे पोट भरण्याचं हत्यार. सुताराची करवत, माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराची काती, ड्रायव्हरचा ट्रक. मॉनिटर पुजलेला मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते.

"वा," मी म्हटलं. "बैल गेला आणि झोपा केला. आता हे कुंकू लावलेलं खोकं कोण परत घेणार? अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तुमच्या वयाच्या माणसाला मी सांगायचं? आणि या वयात गेम खेळायचं काय सुचलं तुम्हाला?"

काकांनी मान खाली घातली. त्यांची बायको शालिनीकाकू मात्र बोलल्या. त्या शाळेच्या माध्यान्ह आहाराच्या गटात तीनशे पोरांची भाजी करतात, माझ्यासारख्या फटकळ पोरीला त्या काय भिणार?

"बोलान झाला तुजा?" त्यांनी विचारलं. "आता माजा आयक. हे ट्रक चालवीत तेव्हा दर दसऱ्याक ट्रक धुवीत, झेंडूचो हार घालीत, नारळ फोडीत. सात वर्सां ह्यांच्याकडे पुजूक कायएक नाय. दसऱ्याक आंघोळ करून नुसते बसान रवतत. अवंदा खोको हाडल्यावर माका म्हणाले, शालिनी, अवंदा आपल्याकडेय आयतन आसा. मग मी कशी सांगू, उगडा म्हणान?"

मला गप्प बसवणारी माणसं थोडी आहेत.

मग सगळं कळलं. खाणी परत सुरू व्हायला लागल्या आहेत आणि एका कंपनीने डंपरसाठी चालक घ्यायचं ठरवलं आहे. पण आता पूर्वीसारखं नाही, की मुकादमाने हात वर केला आणि चढला गाडीवर. आधी चाचणी, आणि तीही खऱ्या गाडीवर नाही, सिम्युलेटरवर. खुर्ची, स्टेअरिंग, समोर पडदे, पडद्यावर खाण. ऑगस्टात काका चाचणीला गेले. वीस वर्षं तांबड्या धुळीत ट्रक हाकलेला माणूस, पण दुसऱ्याच वळणावर त्यांना घेरी आली आणि पडद्यावरचा डंपर त्यांनी मातीच्या बांधावर चढवला. परीक्षा घेणारा साहेब सभ्य होता. नोव्हेंबरात आणखी एकदा या, म्हणाला. पण ती शेवटचीच, कारण बावन्न वर्षांपर्यंतचेच चालक घेणार आणि काकांना डिसेंबरात बावन्न पुरी होतात.

म्हणून तो भाच्याचा कॉम्प्युटर. त्यात ट्रकचा गेम होता, खाणीचा रस्तादेखील होता. घरी सराव करायचा आणि नोव्हेंबरात परत जायचं, असा त्यांचा बेत. चांगला बेत होता तो.

"मग आता विकायला का आणलात?"

काका पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलले. "माजे डोळे गेले, बाय. सुरवातीक वाटला, सवय नाय म्हणान होता. आता महिनो होयत इलो, पण रोज वाईटच होता. वळाण घेतलंय काय पोटात ढवळता. परवा वांती झाली. ब्रेक दाबतंय तरी गाडी पुढे जाता. भाचो आमचो खेळा तेव्हा असा काय होय नाय. म्हणजे दोष माजोच. ह्या वयात होवचा नाय. हॉटेलची नोकरी आसा, ती पुरे."

ते अगदी साधेपणाने बोलले आणि ते ऐकून मला कसंतरीच झालं. पण एक गोष्ट कानात अडकून राहिली.

"ब्रेक दाबल्यावर गाडी पुढे जाते? म्हणजे उशिरा थांबते?"

"व्हय. धा-बारा हात पुढे जावन."

"काका, डोळे गेले तर माणसाला दिसत नाही. त्याचा ब्रेक कसा उशिरा लागेल?" मी शटर ओढलं. "चला, तुमच्या घरी. मशीन उघडून बघितल्याशिवाय मी कोणाला विकत नाही आणि कोणाचं विकतही घेत नाही."

गोव्यात दुपारची झोप सोडून कुणाच्या घरी जाणं म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्या माणसाला कळणार नाही. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "कोण वारलं?"

मुळगावला त्यांची दोन खोल्यांची जागा. बाहेरच्या खोलीत मेजावर कॉम्प्युटर, मेजाच्या कडेला आवळून बसवलेलं स्टेअरिंग, खाली पॅडल आणि समोर एक लाकडी कदेल, म्हणजे खुर्ची. आम्ही मॉनिटर परत जोडला. मी म्हटलं, चालवून दाखवा. काका बसले. इतक्या जवळ बसले की त्यांचं नाक आणि पडदा यांच्यात माझी वीत जेमतेम मावली असती.

गेम दिसायला काय सुंदर होता म्हणून सांगू. खाणीचे कापलेले थर, वर ढग, बांधावरचं गवतसुद्धा हलत होतं. आणि ट्रक सुरू झाला तसा पडदा अडखळायला लागला. गाडी इथे दिसायची, मग एकदम तिथे. काका स्टेअरिंग फिरवायचे, चित्र विचार करायचं आणि मग वळायचं. मी कोपऱ्यात आकडा लावून बघितला, सेकंदाला किती चित्रं तयार होताहेत तो. सोळा. वळणावर बारा. मी नुसती मागे उभी होते तरी मला मळमळायला लागलं.

"थांबा," मी म्हटलं. "उठा. खाली बसा आणि हे बघा."

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत पाच वर्षांपूर्वीचं ग्राफिक्स कार्ड, एका पंख्याचं, धुळीने भरलेलं. बिचारं आपल्या परीने चांगलं होतं. प्रज्योतच्या जुन्या लहान पडद्याला ते अगदी बेताचं होतं, म्हणून त्याचं सगळं नीट चालायचं.

"काका, पडद्यावर चित्र म्हणजे बारीक बारीक ठिपके. तुमच्या भाच्याच्या पडद्यावर वीस लाख ठिपके होते. ह्या पडद्यावर त्यांच्या चौपट, ऐंशी लाखांच्या वर. आणि हे ठिपके पडदा स्वतः रंगवत नाही. ते काम ह्या कार्डाचं. दर वेळी सगळे ठिपके नव्याने रंगवायचे, सेकंदाला साठ वेळा. आता सांगा, तुमचा तो मालकाचा ट्रक किती टनी होता?"

"धा टनी."

"त्यात चाळीस टन माल भरला तर?"

काका हसले. इतक्या वेळात पहिल्यांदाच. "बाय, आमी जल्मभर ओव्हरलोडच चालवलंव. कोण सोडता? चढणीक गाडी हळू जाय, पण जाय."

"आणि उतारावर ब्रेक दाबला की?"

त्यांचं हसू थांबलं. ते त्या कार्डाकडे बघत राहिले. ओव्हरलोड ट्रक उतारावर कसा थांबतो, किंवा थांबत नाही, हे मी त्यांना काय सांगणार?

"म्हणजे ब्रेक मी वेळेवरच दाबी," ते हळू म्हणाले. "चित्र पाटसून येय."

"चित्र मागून यायचं. आणि तुम्ही महिनाभर त्या मागून येणाऱ्या चित्रावर हात बसवत होता. म्हणून रोज वाईट होत होतं. आणखी पंधरा दिवस असंच चालवलं असतंत तर खरी गाडी चालवायची सवयसुद्धा बिघडली असती तुमची."

"माजे डोळे?"

"डोळे बरे आहेत, काका."

आतल्या दारात शालिनीकाकू ताटं मांडत होत्या. त्या तिथेच थांबल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. काकांनी न बघितल्यासारखं केलं.

मग कामाला लागलो. नवं कार्ड घालायचं तर त्या डब्याचा वीजपुरवठाच बदलावा लागला असता, आणि एवढं कशाला? इंजिन बदलायचं नसेल तर माल कमी करायचा. पहिल्यांदा वायर बदलली. काकांनी भाच्याची जुनीच वायर लावली होती आणि ती एवढ्या मोठ्या चित्राला सेकंदाला तीसच्या वर जाऊ देत नव्हती. नवी, चांगली वायर त्याच कुंकवाच्या खोक्यात प्लास्टिकसकट पडून होती. मग पडद्याचे ठिपके चौथ्या हिश्शावर आणले. फोर-केचं हे एक बरं असतं, चार ठिपक्यांचा एक धरला की हिशेब पुरा बसतो, चित्र फार फाटत नाही. थोडं जाड दिसतं एवढंच. मग पडद्याच्या स्वतःच्या मेनूत जाऊन एक सोय चालू केली, कार्ड जसं चित्र देईल तसं पडद्याने घ्यायचं, आपली घाई करायची नाही.

आकडा बेचाळीसवर आला. बरं होतं, पण पन्नासच्या वर हवा होता. मग मी गेमच्या आत गेले आणि नेहमी सगळ्यांचं करते तेच केलं. पहिला हात आरशांना घातला. ट्रकच्या गेममध्ये आरसे फार खातात, कारण प्रत्येक आरशात मागचा सगळा रस्ता परत काढावा लागतो. मी आरसे बंद केले आणि आकडा टुणकन वर गेला.

"आरसे खय गेले?" काका म्हणाले.

"बंद केले. फार जड होतात."

"हाड परत."

"काका, त्याच्याशिवाय—"

"आरसो नाय तर ट्रक नाय," ते म्हणाले, आणि तो आवाज मघाचा नव्हता. हा गाडी चालवणाऱ्या माणसाचा आवाज होता. "खाणीत पाटसून डंपर येता, माणूस येता, चाकाखाली कोण आसा ता आरशात दिसता. आरसो ठेव. बाकीचा काय आसा ता सांग माका."

मी एकेक वाचत गेले. सावल्या. "काढ." गवत. "काढ. खाणीत गवात कोणी बघितल्यान?" लांबचे डोंगर. "अर्दे काढ." आभाळ आणि ढग.

"काढ. आभाळाकडे बघून कोण गाडी चालयता?"

चौदा वर्षं मी पोरांना गेम लावून देते आहे. प्रत्येकाला आभाळ हवं असतं, सावल्या हव्या असतात, पाण्यावरची चमक हवी असते. काय पाहिजे आणि काय नको हे इतक्या झटपट सांगणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदा मिळालं. आरसे पूर्ण ठेवले आणि आकडा अठ्ठावन्नवर जाऊन थांबला. जरा वर-खाली होत होता, म्हणून पंचावन्नवर बांधून टाकला. जास्त नको, सारखा हवा. शेवटी मेज भिंतीकडे सरकवलं आणि कदेल हातभर मागे घेतलं.

काका बसले. पहिलं वळण हळू घेतलं. दुसरं जरा बरं. उतारावर ब्रेक दाबला आणि ट्रक दाबल्याजागी थांबला. त्यांनी परत सुरू केला, परत दाबला. तीनदा तेच. मग रिव्हर्स टाकला, दोन्ही आरशांत बघत ट्रक मागे घेतला आणि क्रशरच्या तोंडाशी असा लावून ठेवला की माझ्या अंगावर काटा आला. ह्या माणसाला गाडी चालवता येते, येते म्हणजे फारच चांगली येते, आणि एका पडद्यापायी तो हे सगळं सोडून द्यायला निघाला होता. मला त्याचा एवढा राग आला, आणि तो राग कोणावर काढावा कळेना.

"मघाशी मी जास्त बोलले," मी म्हटलं. एवढं बोलायलाही मला कष्ट पडले.

"बोललंस ता खरा बोललंस," काका म्हणाले. "इचारूक व्हया होता. चल, जेव आता."

सुंगटांची, म्हणजे कोळंबीची कढी आणि भात. शालिनीकाकूंच्या हाताला चव आहे. जेवून मी काकांना सांगितलं, सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, तोंडात आल्याचा तुकडा. पोटात ढवळायला लागलं की लगेच बंद. हट्ट करायचा नाही.

पुढचे तीन आठवडे काकांचा रोज फोन यायचा. हॉटेलच्या गेटवरून, जेवणाच्या सुट्टीत. आज पंधरा मिनिटं झाली. आज वीस. आज ढवळलं नाही. मध्येच पुण्याहून प्रज्योतचा फोन आला होता म्हणे, मामा, एवढा भारी मॉनिटर घेतलास तर फोर-केवर लाव, कमी करून बघतोस म्हणजे काय, लाज वाटली पाहिजे. काकांनी त्याला सांगितलं, माका सिनेमा बघूचो नाय.

एक दिवस सकाळी साडेसातलाच फोन वाजला. माझ्या हातात चहाचा कप, पोदेर नुकताच पाव देऊन गेलेला.

"बाय, आज पयल्यासारखा झाला. गाडी परत अडखळता."

चाचणीला सहा दिवस उरले होते. "तुम्ही हात लावू नका कशाला, मी येते."

"येव नको," ते म्हणाले. "कोपऱ्यात बघितलंय, सोळा दाखय. रातीचा कायतरी अपडेट झाला, तेणा ठिपके परत वर नेल्यान. मी खाली हाडलंय. आता पंचावन्न आसत. नुसता तुका सांगूक फोन केलंय."

मी कप खाली ठेवला आणि एकटीच हसत बसले. थोड्याच दिवसांपूर्वी हाच माणूस म्हणत होता, माझे डोळे गेले.

चाचणीचा दिवस मंगळवार होता. सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. एका मास्तरांच्या प्रिंटरला मी उलटी शाई घातली आणि वर त्यांच्यावरच खेकसले. दुपारी एक वाजला, मी दुकान बंद केलं नाही. दोन वाजले. बाजार सगळा झोपलेला. शेजारचा कापडवाला गोकुळदास शटर अर्धं वर करून बघायला आला. बाई दुपारची दुकानात बसली आहे म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं वाटलं त्याला. बरी आहे, जा झोप, म्हणून मी त्याला पिटाळलं.

अडीच वाजता स्कूटर आली. दोघं उतरली. काका आज पांढऱ्या शर्टात होते. आत येऊन ते स्टुलावर बसले आणि रुमालाने मान पुसायला लागले. शालिनीकाकूंच्या तोंडावरूनही काही कळेना.

"काय झालं ते सांगा, नाहीतर मी ओरडेन."

"पाणी दी आदी," काका म्हणाले.

पाणी प्यायले. मग सांगायला लागले. सिम्युलेटरच्या खुर्चीत बसले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, पोट शांत. मग साहेबाने पाऊस लावला. मग धुकं. मग एकदम उजव्या आरशात एक माणूस दिसला, वाकून काहीतरी उचलणारा, अगदी मागच्या चाकाजवळ. काकांनी दाबल्याजागी गाडी थांबवली. पडदा तसाच ठेवून साहेब म्हणाला, आज सकाळपासून नऊ जण आले, हा माणूस फक्त दोघांना दिसला.

"मग?"

"मग काय? घेतल्यानी."

मी ओरडले नाही. मी काउंटरच्या मागे वाकून उगाच एक वायर शोधली. वर आले तेव्हा काका खिशातून एक कागद काढत होते.

"पाच वाजायच्या आत ह्यो फॉर्म भरूचो आसा. ऑनलायन. तुज्याकडेच भरतलंय म्हणान सरळ हय इलंय."

मी फॉर्म उघडला. नाव, गाव, जन्मतारीख. लायसन्सचा नंबर त्यांनी न बघता सांगितला, अडखळले नाहीत. मी भराभर टाइप करत होते. पुढचा रकाना होता, सध्याचा व्यवसाय. मोरजीच्या हॉटेलची नोकरी अजून सोडलेली नव्हती, त्यामुळे मी न विचारताच लिहिलं, वॉचमन.

काका स्टुलावरून उठले आणि काउंटरवर वाकून पडद्याकडे बघायला लागले.

"पूस ता," ते म्हणाले.

"काका, सध्याचा विचारलाय. महिना संपेपर्यंत तुम्ही—"

"सात वर्सां ह्याच लिवतंय. रेशन कार्डार, ब्यांकेत, पोरीच्या लग्नाच्या टायमाक सोयऱ्यांनी इचारल्यानी तेव्हा. दर वेळी हात थांबता." त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "पूस ता, बाय. ड्रायव्हर लिव."

मी पुसलं आणि लिहिलं. काकांनी ते वाचलं, मग बाजूला सरकून बायकोला जागा करून दिली.

"वाच गो," ते म्हणाले.

शालिनीकाकूंनी पदराने चष्मा पुसला आणि वाचलं.